आधी अंदाज लिहा

दहावीच्या वर्गावर जूनमध्ये पहिला पाठ उघडला की एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, हे आम्हाला क्लासला झालंय." त्यात तक्रार नसते, उर्मटपणाही नसतो. पोरं आपली माहिती म्हणून सांगतात. नववीची परीक्षा संपते न संपते तोच सुट्टीतले क्लास सुरू होतात आणि शाळा उघडेपर्यंत विज्ञान भाग १ चे चार-पाच पाठ, गणिताचे त्याहून जास्त, 'झालेले' असतात. उरलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी सातवी-आठवीतच कधीतरी या विषयाचा नाद सोडलेला असतो. म्हणजे एकाच बाकावर शेजारी शेजारी दोघं बसलेले: एकाचं सगळं झालेलं आणि दुसऱ्याचं काहीच होणार नसलेलं.

गंमत अशी की या दोघांचे चेहरे वर्गात अगदी सारखे दिसतात. वही उघडी, पेन हातात, नजर फळ्यावर. "समजलं का?" असं विचारलं की दोघंही "हो मॅडम" म्हणतात. पहिल्याला वाटतं आपल्याला येतंय, दुसऱ्याला वाटतं लवकर सुटका होईल. मास्तरकीत "समजलं का?" इतका निरुपयोगी प्रश्न दुसरा नसेल, आणि तरी आपण तो तासाला किती वेळा विचारतो ते ज्याने त्याने मोजून बघावं. वर्गात गलका असला की मुख्याध्यापक डोकावून जातात, वर्ग चिडीचूप असला की कौतुक होतं. मला आताशा भीती वाटते ती चिडीचूप वर्गाची.

मुलांचं लक्ष लागत नाही याचं खापर हल्ली मोबाइलवर फोडतात. त्यात तथ्य आहे, पण आमच्याकडे शाळेत मोबाइल चालत नाही आणि तरीही पोरगं समोर बसून कुठेतरी हरवलेलं असतं. निफाड तालुक्यातली शाळा. निम्म्या घरांत द्राक्षबाग, उरलेल्यांत कांदा. शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची असली की मोटर चालू करायला बापाबरोबर पोरगंही उठतं. सकाळी फवारणी असेल तर ते उरकून शाळेत येतं. त्याला तिसऱ्या तासाला डुलकी आली तर मी काय बोलणार?

यावरचे उपाय सांगणाऱ्या प्रशिक्षणांना मी नेमाने जाते, कारण जावंच लागतं. तिथे चहा-बिस्किटं झाली की 'आनंददायी' हा शब्द येतो. मग टाळ्यांचे प्रकार, गाणी, गट पाडून चार्ट रंगवणं. पाचवी-सहावीला यातलं बरंच चालतं. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र आपल्याला खेळवलं जातंय हे ताबडतोब कळतं आणि तो लाजून चूर होतो, त्यात पलीकडच्या रांगेत मुली. विनोद करणारे शिक्षक मुलांना आवडतात, मलाही आवडतात. पण मार्चमध्ये मुलांना विनोद आठवतो आणि तो कुठल्या पाठावर झाला होता ते आठवत नाही. डिजिटल वर्गाबद्दल तर काय बोलावं. पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, पंखे सुरू, समोर नुकतीच डबा खाऊन आलेली साठ पोरं, आणि एक गोड आवाज सांगतोय की प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो. झोप न आली तरच नवल. आमचा प्रोजेक्टर सध्या पालकसभेत उपयोगी पडतो.

माझ्या वर्गात जे खरोखर चालतं ते अगदी बिनखर्चाचं आहे. काय होईल ते आधी वहीत लिहा, मग करून बघू.

भिंगांचा पाठ घ्या, दहावी विज्ञान भाग १ मधला सातवा. क्लासला तो हमखास झालेला असतो. किरणाकृत्या काढून काढून मुलांचा हात बसलेला असतो. प्रयोगशाळेच्या कपाटातून २० सेंटिमीटर नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग काढायचं. रस्त्याकडची एक खिडकी उघडी ठेवून बाकीच्या लावून घ्यायच्या. समोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवायचा आणि भिंग त्याच्यासमोर वीतभर अंतरावर धरून हळूहळू पुढे-मागे करायचं. एका जागी आलं की कागदावर खिडकीचे गज उमटतात. भिंग किंचित कागदाकडे नेलं की गज पुसट होतात आणि पलीकडचं कडुनिंबाचं झाड रेखीव होतं, शेंडा खाली, बुंधा वर. चित्र आगपेटीएवढंच असतं, त्यामुळे मुलांना टोळ्याटोळ्यांनी बोलवावं लागतं. रस्त्यावरून एसटी गेली तर कागदावरून ती चाकं वर करून उलट्या दिशेने जाते. इथपर्यंत 'झालंय'वालेही उठून आलेले असतात, कारण त्यांनी आकृत्या शंभर काढल्या असल्या तरी भिंतीवर उलटी एसटी पाहिलेली नसते.

मग सगळ्यांना जागेवर बसवते आणि विचारते: मी आता या भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकणार आहे. चित्राचं काय होईल? वहीत लिहा. पेनाने. खाडाखोड नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही.

हुशार मुलं सगळ्यात आधी लिहून मोकळी होतात. अर्धं चित्र जाणार यावर त्यांचं एकमत असतं. वाद असतो तो कुठलं अर्धं जाणार यावर. प्रतिमा उलटी असल्यामुळे झाडाचा शेंडा जाईल की बुंधा, यावर दोन तट पडतात. आता शेजाऱ्याला पटवून द्या, असं म्हणायचा अवकाश, जो गलका होतो तो ऐकून मुख्याध्यापक खरंच डोकावतात. मागच्या बाकावरचं पोरगंही यात असतं, कारण इथे क्लासला झालेलं आणि न झालेलं सारखंच. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात आपल्या व्याख्यानांची हीच रीत करून टाकली: प्रश्न, प्रत्येकाचं मत, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत. त्यांचे विद्यार्थी हार्वर्डचे होते, माझे निफाडचे. भांडणात फरक नसावा.

मग काळा कागद लावते. झाड जागच्या जागी. शेंडा आहे, बुंधा आहे, गजही सगळे मोजून घ्यावेत. कमी झालेला असतो तो उजेड.

"मॅडम, कागद नीट लागला नाहीये." हे पहिलं वाक्य. दरवर्षी हेच. मग कुणीतरी येऊन स्वतः कागद लावतं. मग खालचा अर्धा भाग झाकून बघतात, मग डावा, मग बोटाने मधोमध. एकदा एका मुलीने भिंगाचा बराचसा भाग झाकून फक्त मधलं भोक ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, अंधूक झालं पण जास्त रेखीव झालं." एरवी ती हजेरीपुरतं तोंड उघडायची. तिने पाहिलं ते शंभर टक्के बरोबर होतं आणि कॅमेऱ्याचं छिद्र लहान केलं की नेमकं तेच होतं. पुस्तकात ते कुठेही नाही.

स्पष्टीकरण द्यायला तीन-चार मिनिटं पुरतात. आकृतीत शेंड्यापासून दोनच किरण काढतात कारण प्रतिमेचा बिंदू ठरवायला दोन पुरतात. मुलांच्या डोक्यात मात्र प्रकाश म्हणजे तेवढे दोनच किरण. खरं तर शेंड्यापासून निघालेला प्रकाश भिंगाच्या कानाकोपऱ्यावर पडतो आणि प्रत्येक कोपरा त्याला त्याच एका बिंदूत आणून सोडतो. अर्धे कोपरे झाकले तर पोचणारा प्रकाश निम्मा होतो, चित्र पुरं राहतं. हेच मी आधी सांगितलं असतं तर "हो मॅडम" आलं असतं. वहीत चुकीचं उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहून बसलेलं मूल ते वेगळ्या कानांनी ऐकतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता, १९८७ साली त्यांचा निबंध छापून आला. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांतही बहुतेकांनी अर्धी प्रतिमा जाईल असंच सांगितलं होतं. हे मी वर्गाला शेवटी सांगते. फार बरं वाटतं त्यांना.

पेनाने लिहायला लावण्यावर माझा जोर असतो, कारण तोंडी अंदाजाला काही किंमत नसते. निकाल लागल्यावर सगळेच म्हणतात, मी तेच म्हणत होतो. लिहिलेलं असलं की पोराचा त्या प्रयोगात जीव अडकतो. आणि एक मोठा फायदा: पहिल्या बाकावरच्या "मॅडम मी, मॅडम मी" या मंडळींची सद्दी संपते. प्रत्येक वर्गात अशी चार-पाच मुलं असतात. शिक्षकाचा तास तीच चालवतात, शिक्षकालाही त्यांची सवय होते, आणि बाकीची साठ प्रेक्षक म्हणून बसतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर प्रश्न दुसऱ्याला जातो किंवा शिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि ज्यांच्याकडून अपेक्षाच नसते अशी मुलं बोलू लागतात.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. साठ मुलांसमोर तोंड मिटून उभं राहून बघा. पंख्याची करकर ऐकू येते, बाहेर पीटीचे सर शिट्टी मारतात, पहिल्या बाकावरचा हात वर करून अर्धा उभा राहतो, आणि आपल्यालाच चुकल्यासारखं होतं. मी त्या वेळात फळा पुसते. पाठ वळली की मुलांना विचार करायला सोपं जातं आणि मलाही तोंड आवरायला काम मिळतं. मुलींच्या बाबतीत या गप्प राहण्याचा आणि लिहून घेण्याचा फरक मला सगळ्यात जास्त दिसतो. वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात चूक उत्तर देण्याची त्यांची तयारी नसते. वहीत त्या बिनधास्त चुकतात.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या पाठाची. त्यात दवबिंदू आणि सापेक्ष आर्द्रता आहे. नियोजनात तो पाठ आधी येतो, पण मी एवढा तुकडा दिवाळीनंतर घेते. तोवर बागांची ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली असते, कोवळी फूट आलेली असते आणि घराघरांत एकच विषय असतो: दव पडलं का, डाउनी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग येईल का. प्रयोग सोपा आहे. स्टीलच्या पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात तापमापी, आणि बर्फाचे बारके तुकडे एकेक टाकत ढवळत राहायचं. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर धूर बसल्यासारखी झाक येते त्या क्षणी तापमान वाचायचं. तोच साधारण त्या दिवसाचा दवबिंदू. किती अंशांवर झाक येईल, हे अर्थात आधी लिहायचं.

एका वर्षी मी फळ्यावर दव कधी पडतं याची कारणं लिहीत होते. हवेत बाष्प हवं, रात्री तापमान उतरायला हवं. मागून आवाज आला, "वारं असलं तर नाही पडत ना मॅडम." हा आवाज मी त्या वर्षात पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे ये म्हटलं तर आला नाही, जागेवरूनच बोलला. आभाळ मोकळं असलं आणि वारं पडलेलं असलं की पहाटे पानं ओली असतात. ढग आले की नाही. म्हणून त्याचे वडील रात्री झोपताना आधी आभाळ बघतात आणि सकाळची फवारणी ठरवतात. माझ्या फळ्यावर वाऱ्याचा उल्लेखच नव्हता. मी विचारलं, ढग असताना का नाही पडत? त्याला ते माहीत नव्हतं, आणि आता वर्गालाही जाणून घ्यायचं होतं. जमीन आणि पानं रात्री आपली उष्णता आभाळाकडे टाकत असतात, ढग असले की त्यातली बरीच परत येते, पानं तेवढी गार होत नाहीत. क्लासवाल्यांनी ते वहीत लिहून घेतलं. एका पोराने सांगितलेलं, दुसऱ्या पोरांनी, न सांगता.

मग गाडी थंडीवर गेली. निफाडची थंडी पेपरात येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा कधी ५ अंशांखाली जातो. तेव्हा द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक चालू करतात. "थंडीत पाणी कशाला सोडायचं? अजून गार नाही का होणार?" असं मीच विचारलं. विहिरीचं पाणी कोमट असतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पहाटे त्यातून वाफा निघताना सगळ्यांनी पाहिलेल्या. पण पाणीच का, त्याऐवजी दुसरं काही का नाही, इथे पाण्याची विशिष्ट उष्माधारकता मुलांनी आपणहून ओढून आणली. व्याख्या पाठ असलेल्यांनी आणली नाही. व्याख्या वाचून दाखवल्यावर "म्हणजे पाणी लय उष्णता धरून ठेवतं, हळूहळू सोडतं" असं म्हणणाऱ्याने आणली.

आता यावरून शेतीतूनच सगळं शिकवावं, मातीतलं ज्ञान वगैरे, असला सूर मला लावायचा नाही. मुंबईतल्या मुलाला भिंग पुरतं, आणि आमच्या पोरांनाही द्राक्षाचा पुष्कळ कंटाळा असतो. गणित भाग १ मध्ये अर्थनियोजनाचा पाठ आहे, त्यात जीएसटी येतो. तिथे मी घरून बिलं आणायला सांगते, औषधांची, हॉटेलची, खतांची. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. कुणाच्या बिलावर २४ निघतं, मग माल गुजरातचा कसा, आणि केंद्राचा-राज्याचा असा दोन भागांत कर न दिसता एकच आकडा का, हे भांडण तासभर पुरतं. एका मुलाच्या बिलावर कर लावलेला आणि क्रमांकच छापलेला नव्हता. तो ते बिल घेऊन दुकानात गेला. पुढचं त्याने सांगितलं नाही.

अंदाजाची ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही. रासायनिक समीकरणं संतुलित करायला सराव लागतो, त्याला पर्याय नाही. मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि संयुजा पाठच हव्यात, आणि पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा संयुजा न येणाऱ्या वर्गाला रसायन शिकवून बघावं. त्यासाठी मी तासाच्या सुरुवातीला मागच्या पाठांवरचे पाच प्रश्न फळ्यावर लिहिते, पुस्तक मिटून, गुण नाहीत, वही मला दाखवायची नाही. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं २००६ मधलं काम या बाबतीत सांगण्यासारखं आहे: पुन्हा वाचून काढलेल्यापेक्षा आठवून बघितलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, जरी वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास दांडगा असला तरी. मुलांना हे पाच प्रश्न आवडतात असं मी म्हणणार नाही. पण वर्ग लगेच जागेवर येतो, हजेरीही तेवढ्यात होते.

शिक्षकखोलीत या सगळ्यावर एकच उत्तर असतं: पोर्शन. ते खोटं नाही. तास पस्तीस मिनिटांचा, त्यात ऑनलाइन माहिती भरण्याची कामं, जानेवारीत पूर्वपरीक्षा. भिंगाच्या एका प्रश्नाला पूर्ण तास गेला तर तो कुठून तरी काढावा लागतो. आणि बोर्ड काय विचारतं? व्याख्या, फरक, आकृती, उदाहरण. प्रात्यक्षिकाचे गुण असतात, पण ते कसे मिळतात हे प्रयोगवह्या एकावर एक ठेवून पाहिलं तर कळतं. सगळ्यांचं निरीक्षण दशांशापर्यंत सारखं.

मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो पुढे कितीतरी शाळांत पसरला. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथेच गेले आणि कचऱ्यातून खेळणी करण्याचं त्यांचं काम तिथून सुरू झालं. नंतर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत किती शाळांची मुलं ती खेळणी करून गेली. त्या कार्यक्रमाचा मला सगळ्यात हेवा वाटतो तो परीक्षेबद्दल. पुस्तक उघडून उत्तरं लिहायची, आणि प्रयोगाची परीक्षा खरोखर प्रयोग करून. परीक्षा तशी असेल तर वर्गात लक्ष लागावं म्हणून वेगळं काही करावं लागत नाही. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

तेव्हा मी तडजोड केली आहे. पाठाला एक प्रश्न, असा की ज्याचा अंदाज बहुतेकांचा चुकेल आणि चुकल्याचं त्यांना नवल वाटेल. त्याला वेळ द्यायचा, बाकीचं भरभर. डिसेंबरपासून सराव सुरू होतो, तेव्हा हेही थांबतं आणि आम्ही सगळे मुकाट प्रश्नपत्रिका सोडवतो. भाग १ च्या दहा पाठांपैकी बहुतेकांना असा प्रश्न मिळाला आहे. गुरुत्वाकर्षणाला आहे, उष्णतेला दोन आहेत, विद्युतधारेला आहे. कार्बनी संयुगांचा पाठ मात्र अडला आहे. त्यातली आययूपीएसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीची, नावं, मिथेन-इथेन-प्रोपेन आणि पुढचे ते कार्यात्मक गटांचे प्रत्यय, यात अंदाज करण्यासारखं काय आहे ते मला सापडत नाही, शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनाही विचारून झालं. त्या म्हणाल्या, त्या पाठाला मी सरळ छडी घेऊन जाते. छडीवर बंदी आहे हे त्यांनाही माहीत आहे. यंदा तो पाठ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो आहे.